बाहुली मोठी झाल्यावर

"केरॅटोकोनस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. मला त्यातले 'पातळ' एवढेच ऐकू आले. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

त्रास संध्याकाळचा होता. आमच्या बुवापाड्याच्या वस्तीत दिवे लागले की प्रत्येक दिव्याला शेपटी फुटायची. दिवसा सगळे ठीक. उल्हासनगरच्या चष्मेवाल्या सिंधी काकांनी भर दुपारी तपासले आणि म्हणाले, "बेटी, पढाई कम कर. आँखें फर्स्ट क्लास हैं." मग मलाच वाटू लागले, मी नाटक तर करत नाही ना?

डॉक्टरांनी मात्र ड्रॉप घालून बाहुली मोठी केली आणि अंधाऱ्या खोलीत पुन्हा मोजले. उजेडात बाहुली बारीक होते, प्रकाश मधल्या भागातूनच जातो, म्हणून मोजमाप चांगले येते. अंधारात ती मोठी होते, कडेच्या वाकड्या भागातूनही किरण आत शिरतात आणि एका जागी मिळत नाहीत. याला ॲबरेशन म्हणतात. हा शब्द मी लेन्सच्या धड्यात घोकला होता. तो माझ्याच डोळ्यात निघाला.

"बाहुली मोठी झाली की दोष दिसतो," हे डॉक्टरांचे वाक्य ऐकताच माझ्या शेजारी बसलेली आई उठून उभी राहिली. "कुणी केली बाहुली? मला वाटलंच होतं, कुणीतरी करणी केलीय."

मी मान खाली घातली. डॉक्टर हसले नाहीत. "मावशी, डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतात. तुमच्याही डोळ्यात आहे."

आई हळूच बसली. "मग आंधळी होणार का ही?"

"बहुतेक नाही. पण वाढेल की थांबेल, आज सांगता येत नाही."

पुढचे महिने भीतीत गेले. पुस्तकातली ओळ जरा पुसट दिसली तरी मी एकेक डोळा झाकून ती पुन्हा वाचायचे. कडक कॉन्टॅक्ट लेन्स बसवली, ती आधी खड्यासारखी टोचली. हळूहळू शेपट्या आखूड झाल्या. भीती तेवढी कमी झाली नाही.

तुम्हालाही अंधारातच वाईट दिसत असेल, तर तसे स्पष्ट सांगा. दिवसाच्या नंबरावर गप्प बसू नका.

अजूनही तपासणीला ड्रॉप घालतात. त्या दिवशी मला बसची पाटी वाचता येत नाही, अक्षरओळख नसलेल्या आईला तर ती कधीच वाचता येत नव्हती. आम्ही दोघी हात धरून उभ्या राहतो, कुणाला तरी विचारतो आणि घरी पोचतो.