देवळाच्या भिंतीवरचा पतंग

माझ्या मोठ्या बहिणीवर, संघमित्रावर, अन्याय झाला तो मी आठवीत असताना, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सोनाळ्याजवळच्या आमच्या गावात. आज बुलढाण्यात होस्टेलच्या भिंतीवर तसाच पतंग दिसला, वाळक्या पानासारखा, पंख मिटून बसलेला. देवळाच्या ओल्या चुन्याचा वास पुन्हा नाकात शिरला.

रात्रभर जळणारा दिवा गावात एकच होता. ग्रामपंचायतीनं तो देवळाच्या भिंतीवर बसवला होता. उजेडाला आलेले पतंग सकाळीही तिथंच बसलेले असत. ताईला पतंग शोधून ओळखायचा नाद होता. त्या सकाळी ती मोबाइल धरून वाट बघत होती, कारण झाकलेले खालचे पंख दिसल्याशिवाय त्या पतंगाची ओळख पटणार नव्हती.

देवळाची देखरेख करणारे काका आले. "काऊन वं पोरी, भिंतीले काय चिकटून राह्यली?"

"हात नाही लावला काका. फोटो काढून राह्यली."

"मंग तुमच्या विहारापाशी काढ ना!"

"तिथं लाइटच नाही लावला कोणी."

काकांनी खराटा उचलला आणि भिंत झाडली. समोरच्या नळावर पाणी भरणारी माणसं हसली. पतंग खाली पडला, पंख उघडले. नारिंगी, त्यावर काळा डाग. ताईनं फोटो काढला नाही. ती सरळ घरी निघाली आणि पुन्हा कधी पतंग शोधायला गेली नाही.

तेव्हा मला वाईट वाटलं पतंगाचं. आता संताप येतो नळावर हसत उभ्या असलेल्या माणसांचा.

तुमच्या गावातला दिवा कोणाच्या वस्तीत लागत नाही, ते येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.