कमरेच्या पाऊचचं माप

रिव्हॉल्व्हर घ्यावं की नाही, यावर मी वर्षभर विचार केला असेल. ते अंगावर कुठे ठेवायचं, यावर एक दिवसही केला नव्हता. बुलढाण्याहून ते घेऊन मोताळ्याला परतलो, त्या दिवशी एसटीत मी ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातलं होतं आणि पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. शेजारची म्हातारी म्हणाली, "डबा खाली ठेव ना बापा. कोनी खात नाही तुह्या पोया." मी हसलो. पिशवी काही खाली ठेवली नाही.

पुढे जे झालं ते मी माझ्या थोरल्या भावासाठी लिहितो आहे. तो हे वाचणार नाही, हे माहीत असून.

मोताळ्यात माझं बियाणं आणि खतांचं दुकान आहे. दिवसभर दुकानात बसायचं, आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर बुलढाणा नाहीतर मलकापूर. पँटच्या खिशात ते ठेवलं तर पँट एका बाजूला ओढली जायची. शर्टाखाली खोचलं तर मोटरसायकलवर बसल्यावर बरगडीत रुतायचं. म्हणून पाऊच शोधायला लागलो.

पहिला आठवडी बाजारातून घेतला, काळा, प्लास्टिकच्या बकलाचा. त्यात ते मावलं, पण वजनाने पाऊच पोटाखाली लोंबू लागला. चहाच्या टपरीवर माझा एक शाळेपासूनचा मित्र कंडक्टरकडे तिकीट मागतात तसा हात पुढे करून म्हणाला, "मास्तर, एक बुलढाणा द्या. हाफ." सगळे हसले. दुसरा मोबाईलवरून मागवला. तो मिलिटरी रंगाचा, चहूबाजूंनी पट्टे असलेला. तो पाहून हाच मित्र म्हणाला, "कोन्या बॉर्डरवर जाऊन राह्यला बे?" लपवायला घेतलेली वस्तूच गावभर सांगत सुटली होती. आत काय आहे हे मित्राला ठाऊक नव्हतं, पण मला दोन दिवस झोप नीट लागली नाही.

मला भीती कोणाची होती, हे आता सांगायला हवं. कोणाची नव्हती. ओळखीच्या एका माणसाकडे परवाना होता. लग्नाकार्यात लोक त्याला आधी खुर्ची देत. मला ती खुर्ची हवी होती. पण अर्जात खुर्ची लिहिता येत नाही. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या अर्जनवीसाने चष्म्यावरून पाहत विचारलं, "जिवाले धोका कोनापासून?" मी म्हणालो, "तसा कोणापासून नाही. दुकानाच्या कामानं फिरतो, म्हणून." तो म्हणाला, "मंग नाही भेटत. नाव लागते."

त्याच महिन्यात भावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माझं वाजलं होतं. वडील गेल्यावर शेत दोघांत वाटून झालं होतं, आणि त्याच्या नांगराने मधला धुरा हातभर खाल्ला, असं माझं म्हणणं होतं. तो तेव्हा बांधावरची बाभूळ तोडत होता. हातात कुऱ्हाड होतीच. ती हातात असताना तो म्हणाला, "याद राख." एवढंच. भाऊ भावाला म्हणतो तसं. मी अर्जनवीसाला भावाचं नाव सांगितलं. त्याने टाइप केलं: सख्ख्या थोरल्या भावाकडून जिवे मारण्याची धमकी. मी खाली सही केली.

चौकशीसाठी भावाला ठाण्यात बोलावलं. सकाळपासून दुपार टळेपर्यंत तो बाकावर बसून होता. ज्या भावाने मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, त्याला एका पोराच्या वयाच्या शिपायाने विचारलं, "कुऱ्हाड घेऊन धावला होता का लहान भावावर?" तो काय म्हणाला मला माहीत नाही. घरी येऊन तो जेवला नाही, एवढं बहिणीकडून कळलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. परवाना यायला बराच काळ गेला, आणि तोवर एक विचित्र गोष्ट झाली. कागदावर लिहिलेली भीती मला खरीच वाटू लागली. रिव्हॉल्व्हर आल्यावर तर, भाऊ राहतो त्या आमच्या मूळ गावाच्या रस्त्याला मोटरसायकल लागली की हात कमरेकडे जायचा.

तिसरा पाऊच मी शिवून घेतला. बुलढाण्याच्या बाजारात एक मुसलमान कारागीर बसतात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांचे वडील एसटी कंडक्टरांच्या चामडी बॅगा शिवायचे. आता ते सीट कव्हर शिवतात, दप्तरांच्या चेन बसवतात, पण चामडं हातात आलं की अजून खुश होतात.

"काय ठेवाचं आहे याच्यात?" त्यांनी विचारलं.

"शुगर तपासाचं मशीन," मी म्हणालो. हे खोटं मी बसमध्येच ठरवून आलो होतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला ते शोभतं.

चाचांनी ते फार मनावर घेतलं. त्यांच्या घरी बायकोला शुगर होती. चार दिवसांनी गेलो तर पाऊच तयार. आत मऊ अस्तर, सुईला वेगळा कप्पा, पट्ट्यांच्या डबीला लवचीक नाडा आणि बाहेरून बिस्किटाच्या पुड्यापुरता एक खिसा. "चक्कर येते कधी कधी," ते म्हणाले, "तवा शोधत बसाचं नाही." माझ्यासाठी इतक्या काळजीने कोणी काही केलं त्याला बरीच वर्षं झाली होती. घरी आणून पाहिलं तर रिव्हॉल्व्हर निम्मं बाहेर.

मग मी थर्माकोलचा एक तुकडा त्या आकाराचा कापला, कोपरे जरा गोल केले आणि पुन्हा गेलो. म्हणालो, मशीन बदललं. चाचांनी तो तुकडा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला.

"एवढं मोठं? भाऊ, तुमची शुगर तं लैच वाढेल दिसते."

मी रस्त्याकडे पाहू लागलो.

"याचा आवाज बी येत असन," ते हळूच म्हणाले. हसले मात्र नाहीत. "परवाना हाय?"

"हाय."

"कोनाची भीती? भावकीतली?"

मी मान डोलावली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दोन चामड्यांच्या मधे पुठ्ठा घालून त्यांनी असा पाऊच शिवला की आतला आकार बाहेर दिसू नये. पट्टा रुंद घेतला, म्हणून तो लोंबत नव्हता. डाव्या बाजूला, शर्टाखाली. शिंप्यासारखं त्यांनी मला दुकानासमोर उभं केलं. "बसा. उठा. वाका. गाडीवर बसल्यावानी पाय फाकवा." सगळ्या बाजूंनी पाहून म्हणाले, "एकच खोट राह्यली. ईदच्या दिवशी काय करसान? मानूस गळ्याले लागला की त्याले समजते."

"आमच्यात कुठं ईद, चाचा?"

"दसरा तं असते ना?"

मी हसण्यावारी नेलं.

पाऊच उत्तम होता. टपरीवरचा मित्र गप्प झाला. फक्त माझी चाल बदलली. मी गोण्या उचलणं सोडलं, कोणी डावीकडून आलं की अर्धा वळायचो. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुमी घरात आले तरी बाहेरचं कोनी आल्यावानी वाटते." मी तिच्यावरच चिडलो.

पुढच्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी बहिणीचा फोन आला. ती मेहकरकडे दिली आहे. आम्हा दोघा भावांत तीच काय ती जाऊन-येऊन होती.

"दादा हो म्हनला," ती म्हणाली. "येऊ दे त्याले दसऱ्याले, म्हनला. तू नुसता जाय. पाया पड. काही बोलला तं ऐकून घे. अन् वकिलावानी बोलू नको."

मी कबूल केलं. फोन ठेवल्यावर दुकानाच्या मागे जाऊन तोंड धुतलं.

आमच्या घरात दसऱ्याला सकाळी हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, मोटरसायकलचे पाने, दुकानातला तराजू, शिलाई मशीनची कात्री, सगळं पाटावर मांडतात. त्या वर्षी मी रिव्हॉल्व्हरही मांडलं. बायकोने सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, त्याच्यापाशी तिचा हात जरा थांबला, मग तिने त्यालाही वाहिलं. मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. वडील त्या दिवशी बोरीची काटकी तोडायलाही कोयता घेत नसत, हाताने मोडत.

संध्याकाळी निघताना मी ते पाटावरून उचललं.

मी सगळ्यांना सांगतो की पाहुणे येणार होते, पोरं येणार होती, उघड्यावर कसं ठेवायचं. ते खरंच आहे. पण कपाट होतं, कुलूप होतं, किल्ली माझ्याच खिशात होती. भावाच्या गावाकडे मोकळ्या कमरेने जायला मला धीर झाला नाही. कुंकू पुसून मी ते पाऊचमध्ये घातलं. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आज तं नका." मी मोटरसायकल सुरू केली.

भाऊ दारातच उभा होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. इस्त्रीचा शर्ट तो लग्नालाही घालत नाही. ओसरीवर त्याची सहा वर्षांची नात आपट्याच्या पानांचे ढीग लावत बसली होती. मी पाया पडलो. त्याने मला खांद्याला धरून उठवलं आणि मिठी मारली. दोन वर्षांनी त्याच्या अंगाचा तंबाखूचा वास आला, आणि मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

त्याचा हात माझ्या पाठीवरून डावीकडे खाली आला आणि थांबला.

पुठ्ठ्याने आकार लपतो. कडकपणा लपत नाही. त्याने हात झटकला नाही, तसाच ठेवला. माझ्या कानाशी म्हणाला, "माह्या घरी बी घेऊन आला?"

"दादा, घरी ठेवाले जागा नव्हती," मी म्हणालो. इतक्या शब्दांतून मला एवढेच सापडले.

त्याने मला सोडलं. नातीकडे वळून म्हणाला, "आजीजवळ जाय वं. आत."

"काऊन? मले लहान्या आबाले सोनं द्याचं हाय."

"जाय म्हनलं ना."

ती पानं तशीच टाकून आत गेली. आतून दार लोटल्याचा आवाज आला.

वहिनीने चहा आणला. भावाने सोयाबीनचं विचारलं, दुकानाचं विचारलं. परक्या माणसाला विचारतात तसं, नीट, आदराने. तो ओरडला असता तर मी पाय धरले असते. निघताना त्याने माझ्या तळहातावर पानं ठेवली. "सोन्यावानी राह्य," म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरकला.

त्यानंतर मी ते विकायला निघालो. घेणाऱ्याकडेही परवाना लागतो, आणि तसा घेणारा मिळेना. कचेरीत गेलो, म्हणालो, जमा करून घ्या, परवाना नको. कारकून म्हणाला, "घेतानी एवढे चकरा मारल्या, आता सोडता?" अर्ज ठेवून घेतला; त्याचं अजून काही झालेलं नाही. मग मी ज्यासाठी खरा गेलो होतो ते विचारलं. माझ्या जुन्या अर्जातून भावाचं नाव काढता येईल का? त्यात खोटं लिहिलं होतं. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "हे असं मोठ्यानं बोलू नका," तो म्हणाला. "दाखल झालेला कागद निघत नाही." मी बराच वेळ टेबलापाशी उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "सरका ना भाऊ." मी सरकलो.

पाऊच घेऊन चाचांकडेही गेलो. त्यांना सगळं सांगितलं, शुगरच्या खोट्यासकट. म्हणालो, परत घ्या. त्यांनी पाऊच हातात घेऊन शिवण पाहिली, अजून एक टाका उसवला नव्हता. "वापस घेऊन कोनाले देऊ?" ते म्हणाले. "माप तुमचंच हाय." शुगरवाला पहिला पाऊच मात्र त्यांनी मागून घेतला, बायकोसाठी.

यंदा निवडणुकीमुळे परवान्याची सगळी शस्त्रं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. जमा करून पावती घेताना मला जे हलकं वाटलं, ते सांगायला लाज वाटते, कारण ते माझ्या हातून झालं नव्हतं. सरकारने करवून घेतलं होतं, आणि मतमोजणी झाली की परत न्यायचं होतं.

दसऱ्याला मी शर्ट पँटमध्ये खोचला. तसा मी कधी खोचत नाही. कमरेला काही नाही हे चारी बाजूंनी दिसावं म्हणून. भावाच्या दारात मोटरसायकल लावली आणि मुद्दाम हात जरा लांब धरून चालत गेलो. तो ओसरीवर बसला होता. या वेळी साध्या बनियनवर होता. मी पाया पडलो. त्याने डोक्यावर हात ठेवला, उठवलं नाही. पानं दिली.

त्याची नजर एकदा माझ्या कमरेवर गेली. मला म्हणायचं होतं, दादा, नाही आणलं, हात लावून पाह्य. ते कसं म्हणतात, मला कळलं नाही.

नात उंबऱ्यापाशी खेळत होती. तिला कोणी काही म्हटलं नाही. मला पाहिल्यावर तिने आपली पानं ओच्यात गोळा केली, उठली आणि आत गेली. दार तिने स्वतःच लोटलं.