लुगड्याच्या फडक्यातलं कोहळं

आई गेल्यावर दादानं शिलाई मशीन घेतली, पितळी घंगाळ घेतलं आणि मला दिलं बी. आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, तिच्या कोहळ्याचं. वर्ध्याकडून लग्न होऊन भिलाईला, स्टील प्लांटच्या क्वार्टरात आली तेव्हा तिनं ते माहेरून आणलं होतं. तेरवीच्या पाहुण्यांसमोर दादा म्हणाला, "लहान्या, आईचा वेल आता तुयाकडे." मी रडलो. बायको म्हणते, जरा जास्तच रडलो.

खरं तर माझ्या हातानं मनीप्लांटही जगत नाही. पण हा वेल जगला. भिलाईतल्याच माझ्या जुनवानीच्या घराच्या टिनाच्या छपरावरून शेजाऱ्याच्या टाकीपर्यंत गेला. आखाडीच्या सणाला कोहळ्याची गोड बोंडं तळली की पहिला घास घेऊन मी डोळे मिटायचो आणि जाहीर करायचो, "हीच! हीच आईची चव." घरातली कुठलीही मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत मी चिमूटभर बी टाकायचो. व्याही एकमेकांकडे पाहायचे. दरवर्षी मोठ्या मनानं दादालाही बी द्यायचो. तो मुकाट्यानं घ्यायचा.

दादाची मुलगी रायपूरला एका प्रयोगशाळेत लागली. काकडी, दोडका, भोपळा असल्या वेलांच्या भाज्यांचा जीनोम वाचायचं काम.

"म्हणजे बियाची कुंडली?" मी विचारलं.

"काका, कुंडली लग्नाआधी बघतात. हमारे यहाँ आईबाप कोण, ते निघतं."

"मग आजीचं वाच!" म्हणत मी घरात उरलेलं सगळं बी पाकिटात भरलं आणि वर ठसठशीत लिहिलं: कोहळं.

तिथंच घोळ झाला. नोंद करणाऱ्या मॅडम पुण्याच्या. आपण नागपूरकडचे लोक ज्याला कोहळं म्हणतो तो त्यांचा लाल भोपळा, आणि त्यांचा कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढरा, ज्याला इकडे रखिया म्हणतात. माझ्या बियाची तुलना झाली रखियांशी. निरोप आला: हा कोहळा नव्हेच. मी कितीतरी दिवस पुण्यावर हसत होतो. मग त्यांना चूक कळली आणि पुन्हा तपासायला त्यांनी आणखी बी मागितलं. माझ्याकडचं संपलं होतं. पुतणीनं आपल्या घरच्या डब्यातलं नेलं. एकाच वेलाचं तर होतं!

एका रविवारी ती आली. चहा नको म्हणाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"काका, दोन्ही सॅम्पल एक नहीं हैं. पपाचं वर्ध्याकडच्या जुन्या वाणांशी जुळतं. तुमचं... दुकानात पुडीत मिळतं ना, ते."

"मधमाशीनं केलं असेल. इकडचे पराग तिकडे."

"मधमाशीनं केलं असतं तर अर्धं तरी आजीचं निघालं असतं, काका."

मी स्कूटर काढली आणि थेट दादाचं वैशाली नगरातलं घर गाठलं. दादा व्हरांड्यात पेपर वाचत होता.

"दादा, कावून केलं असं?"

त्यानं कशाबद्दल म्हणून विचारलंही नाही. पोरीनं घरी आधी सांगितलं असावं.

"उतईच्या बाजारातून आणलं होतं," तो म्हणाला. "तुले आईचं बी देलं असतं तर तू मारून टाकलं असतं. अन् आई गेल्यापासून तू तर रडून राहिला होता. काहीतरी द्या लागलं."

"मंग नंतर सांगाचं होतं!"

"कसं सांगू? तू बोंडं खाऊन डोळे मिटत होता."

आतून वहिनीचं हसू आलं. म्हणजे तिलाही माहीत होतं. आखाडीला माझ्या ताटासमोर बसून, माझे मिटलेले डोळे पाहत, हे दोघं किती आखाड्या गप्प होते कोण जाणे. आणि उतईच्या त्या बियाची चव मी आईच्या नावानं मिटक्या मारत सांगत होतो. त्या सगळ्यात खरं होतं ते एक फडकं.

दादानं उठून डबा आणला. माझ्या तळव्यावर थोडं बी ठेवलं. "घे. हे खरं आहे."

मी पाहत राहिलो. कोहळ्याचं बी कोहळ्याच्या बियासारखंच दिसतं. तेरवीलाही असंच दिसलं होतं.

घरी येऊन टिनाखाली आळं केलं, बी लावलं, पाणी घातलं. एक बी तेवढं बाजूला ठेवलं, पाकिटात. पाकिटावर या खेपेला 'लाल भोपळा' लिहिलं आणि पुतणीच्या हातात देताना म्हणालो, "पपाले सांगू नको."