नवव्या घराची भिंत

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आणि तेवढ्या वर्षांत आम्ही नऊ घरं केली. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सगळी घरं सरकारी. त्यांतल्या एकाही भिंतीला मी कधी खिळा ठोकला नाही. तीन वर्षांनी उठायचंच, तर भोकं कुणासाठी पाडायची? कॅलेंडर खिडकीच्या गजाला अडकवायचं आणि रोज सकाळी चहाबरोबर बदल्यांना शिव्या द्यायच्या. या नोकरीनं मला कुठे रुजू दिलं नाही, हे माझं ठरलेलं पालुपद.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सामान उतरवलं तेव्हा हे म्हणाले, "चलो, हे शेवटचं. इथूनच रिटायर व्हायचं."

त्याआधी आम्ही जोधपूरला होतो. तिथे खडकाळ उतारावर वाळवंटातल्या झाडांचं एक उद्यान आहे. विलायती बाभूळ मुळासकट उपटून तिथे पूर्वीची, त्या मातीतली झाडं परत वाढवली आहेत. मी रोज सकाळी वही घेऊन जायची आणि दिसेल त्या फुलाचं चित्र काढायची. रोहिड्याची केशरी फुलं, नेपतीची विटकरी, कापसासारखे पांढरे बुईचे तुरे. शनिवारी मारुतीला वाहतो ती रुईसुद्धा तिथे मी पहिल्यांदा नीट पाहिली.

मुलगी नोएडात नोकरी करते, मैत्रिणींबरोबर राहते. माझ्या वाढदिवसाला तिनं भिंतीवर लावायचं एक मोठं चित्र पाठवलं. गुलाबी डोंगर, आणि पुढे दोन्ही हात वर करून उभं असलेलं उंच निवडुंग. फोनवर म्हणाली, "आई, बघ ना यार, बिल्कुल तुझं जोधपूर." अमेरिकेतल्या कुठल्या तरी वाळवंटी पार्कचं चित्र ते. तसलं झाड राजस्थानात औषधालाही सापडायचं नाही. पोरीनं प्रेमानं पाठवलं होतं, पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. चित्र पलंगाखाली गेलं आणि मी करोल बागेतून रंग आणून हॉलची भिंत रंगवायला घेतली.

शेजारीण स्टुलावर चढलेल्या मला पाहून म्हणाली, "भाभीजी, जाते वक्त सफेदी करानी पड़ेगी."

"हम नहीं जा रहे," मी म्हटलं. असं म्हणायची आयुष्यात पहिलीच वेळ. दिवसभर त्याच तोऱ्यात होते.

पाच महिने लागले. खालून खडक, खडकाच्या फटींतून थोराची काटेरी झुडपं, वर रोहिडा. हे संध्याकाळी ऑफिसातून आले की पेपर बाजूला ठेवून त्या भिंतीकडे बघत चहा प्यायचे. चांगलं-वाईट काही म्हणायचे नाहीत.

भिंत पुरी झाली आणि त्या आठवड्यापासून मला घरात बसवेना. कपाट आवरायचं, परत आवरायचं. मेट्रोत बसून उगाच शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं. तिसरं वर्ष लागलं की मी रद्दी विकणं बंद करते, कपबशा गुंडाळायला लागते म्हणून. या वेळी कुणी जा म्हटलेलं नव्हतं, तरी दिवाणामागे पेपरांचा गठ्ठा वाढत चालला होता.

एका सकाळी यांच्या बॅगेत डबा ठेवताना दोन कागद हाताला लागले. एक बदलीची ऑर्डर, गुवाहाटीची. दुसरा यांच्या अक्षरातला अर्जाचा मसुदा. पत्नीची प्रकृती अत्यंत नाजूक असल्यामुळे दिल्लीतच ठेवावे, अशी विनंती.

मला आधी काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. गुवाहाटी वाचून मला मोकळं वाटलं. खोकी किती लागतील हा हिशेबही सुरू झाला. राग नंतर आला.

संध्याकाळी कागद पुढे धरून मी विचारलं, "मला काय झालंय?"

हे गडबडले. या माणसानं आजवर रजेचा अर्जसुद्धा कधी खोटा दिलेला नाही. "अगं, एवढी भिंत रंगवलीस. पहिल्यांदाच कुठे तरी रमलीस. आता कुठल्या तोंडानं सांगू, सामान बांध म्हणून?"

"मी रमले नाहीये. फाडा तो अर्ज. मला जायचंय."

बोलून गेले आणि माझी मीच चमकले. जिच्या नावानं एवढी वर्षं बोटं मोडली, ती बदली मला हवी होती. यांना सुटल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत. पण हे दिवाणावर बसले आणि चष्मा काढून हातात धरून राहिले.

"मला नाही जायचं," हे म्हणाले. "दमलोय मी. तू नको म्हणशील म्हणून वाट बघत होतो. म्हणजे मला म्हणावं लागलं नसतं."

घरात तक्रारीचा मक्ता कायम माझ्याकडे. यांना कधी काय हवं-नको, ते मी विचारलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"मग तसं लिहा."

"दमलो हे कारण नियमात बसत नाही."

शेवटी माझं आजारपण मीच पेनानं खोडलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, एवढंच कारण यांनी लिहिलं.

तीन आठवड्यांनी हे भर दुपारीच घरी आले आणि बूट न काढताच दिवाणावर आडवे झाले. "मिळालं. रिटायर होईपर्यंत इथेच." यांचा इतका निवांत चेहरा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मी दारातच उभी होते. म्हणजे अजून दोन वर्षं याच घरात. चपला घालाव्यात आणि सुटावं कुठे तरी, असं झालं.

"खूश ना?" यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.