बारावं नाव

"पुरुषांनी भाईर व्हा."

उंबऱ्यावर उभी राहून ती एवढंच म्हणायची. आधी हातातल्या बांगड्या मनगटावरून वर सारायची, पदर खोचायची, आणि मग हे वाक्य. सतरा वर्षांची पोर. समोर पन्नाशीचा बाप्या असो नाहीतर पोलिसातला हवालदार, आवाज तोच. आणि बाप्ये गुमान बाहेर यायचे. मीही आलो होतो.

चांगल्या माणसांवर लिहिताना लोक फार साखर घालतात. ही पोरगी गोड नव्हती. फटकळ होती, भांडखोर होती, नळावर नंबर सोडायची नाही. आमच्या गल्लीत सगळे तेलंगी विणकर, आम्ही दोनच मराठी बिऱ्हाडं. तिच्या बापाचे घरात दोन हातमाग होते आणि ती दिवसभर सुताच्या कांड्या भरायची. मी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर होतो. चौथी शिकलो म्हणून तिचा बाप मला मास्तर म्हणायचा. चेष्टा नव्हती ती. त्या गल्लीत चौथी म्हणजे पुष्कळ होती.

तीस साल उजाडायच्या आधीची गोष्ट. गल्लीत उंदीर पडायला लागले आणि मागोमाग गाठीचा ताप आला. ज्यांना जमलं ते माळावर झोपड्या घालून राहिले. ज्यांना जमलं नाही ते घरात मेले. तालमीतल्या अकरा पोरांनी पथक केलं. घरं धुवायची, चुना मारायचा, तिरड्या उचलायच्या. बहाद्दर पोरं, खोटं कशाला बोलू. पण मेलेली बाई असली की ही पोरं दारात अडायची. बाईमाणसाला आंघोळ घालायची कुणी? लुगडं नेसवायचं कुणी? शेजारणी दारापर्यंत यायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि मागं फिरायच्या.

हिची आत्या गेली तेव्हाही तेच झालं. हिनं एकटीनं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी पथकातला एक जण दारात येऊन उभा राहिला. पुढच्या गल्लीत एक म्हातारी गेली होती, घरात नुसता म्हातारा. पोरगा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"तोंडानं बोल की," ही म्हणाली. "मेलेल्याला भ्यायचं न्हाई आन् मला भितोस व्हय?"

त्या दिवसापासून ती त्या पोरांची बारावी झाली. कोष्टी, मराठा, बामण, महार, तिनं घर बघितलं नाही. पहिल्या दिवशी लोकांनी नाकं मुरडली. घरात मढं असलं की नाक सरळ होतं.

माझी बायको तिसऱ्या आठवड्यात गेली. तीन वर्षांचा संसार. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. दार जरा किलकिलं झालं आणि हिचा हात बाहेर आला.

"मामा, हिरवं लुगडं हाय का? नसलं तर लग्नातलं काढा."

मी ट्रंकेतून दिलं. दार लागलं. परत उघडलं.

"मामी केस कसं बांधायची?"

मला सांगता येईना. तीन वर्षं एका घरात राहिलो, भाकरी खाल्ली, भांडलो, आणि बायको केस कसे बांधते ते मला ठाऊक नव्हतं.

"बरं, राहू द्या. मला ठावं हाय," ती म्हणाली. "रोज नळावर बघत हुते की."

बायकोला बाहेर आणलं तेव्हा अंबाडा डावीकडं कललेला होता. बघितल्यावर ओळखलं, असाच असायचा. मी दुसरं लग्न केलं नाही. का, ते लोक विचारायचे. मी सांगायचो, माझी मर्जी.

पावसाळ्यात ताप हटला. गावातल्या वकील-व्यापाऱ्यांचं एक मदत मंडळ होतं. त्यांनी ठरवलं, पथकातल्या तरुणांचा सत्कार करायचा. वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा, प्रत्येकाचं नाव पुकारून छातीवर चांदीचा बिल्ला. पोरांनी यादी दिली, तीत बारावं नाव हिचं.

हिचा बाप माझ्याकडं आला. खाली बसला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मास्तर, अक्कलकोटचं स्थळ येतंय. पोरगीनं मढी धुतलं हे त्यानला कळलं तर उठून जातंय. तू मराठी बोलतंय, लिवतंय. तू जा. यादीतनं नाव काढ."

मला ते पटलं. भल्याची गोष्ट वाटली. मी मंडळाच्या कारकुनाकडं गेलो. तो सावध माणूस. त्यानं दौत-टाक माझ्यापुढं सरकवला. "रेघ तुम्हीच मारा. उद्या माझ्या अंगावर नको."

मी मारली. माझ्या बायकोला जिनं हिरवं लुगडं नेसवलं, तिच्या नावावर मी माझ्या हातानं रेघ मारली. तुम्ही म्हणाल, त्या काळात दुसरं काय करणार. करता आलं असतं. नको म्हणता आलं असतं.

तिला दोन दिवसांत कळलं. मी ओट्यावर तंबाखू मळत होतो. समोर येऊन उभी राहिली.

"मामा, नाव तुमी खोडलं?"

"तुझ्या भल्यासाठी, पोरी."

"मी चोरी केली का?"

"तसं कोण म्हणतंय?"

"मग लपवायचं कशाला? चोर लपवतंय. मी केलंय तर केलंय म्हणणार. त्या अकरा जणांनी मढी खांद्यावर घेतली ती चालली, मी हातात घेतली तर बाटले व्हय?"

मी कारकुनाकडं परत गेलो. तो म्हणाला, यादीवर अध्यक्षांची सही झाली, आता काही होत नाही. तिला सांगितलं. ती आत गेली.

सभेला हॉल गच्च भरला होता. व्यासपीठावर अध्यक्ष वकीलसाहेब, शेजारी चार पागोटी. एकेक पोरगा पुकारला, टाळ्या झाल्या, बिल्ला लागला. अकरावा खाली उतरला आणि वकीलसाहेब भाषणाचा कागद उलगडायला लागले. तेवढ्यात मागच्या दारातून ही पुढं आली. पुरुषांच्या मधून, सरळ.

"माझं राहिलं."

वकीलसाहेब हसले. "बाई, यादीत मुलींची नावं नाहीत."

"हुतं. खोडलं."

"कुणी खोडलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी उठलो. "मी खोडलं."

"आपण कोण?"

"साचेवाला."

लोक हसले. वकीलसाहेब म्हणाले, "आपला या मुलीशी संबंध काय?"

"हिनं माझ्या घरातलं केलं."

"घरातलं म्हणजे कुणाचं? नीट सांगा."

आमच्याकडं बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर कधी नाही, घरातसुद्धा नाही, अगं म्हणायचो. आता दोन-तीनशे बाप्ये माझ्या तोंडाकडं बघत होते.

"हौसाचं," मी म्हणालो. "माझी बायको हौसा. ती गेली तेव्हा तिची भावजय दारातनं पळाली. या पोरीनं तिला आंघोळ घातली. हिचं नाव नरसम्मा. पोरांनी लिहिलं होतं, ते मी खोडलं. गाढवपणा केला. आता तुम्ही वाचा."

वकीलसाहेबांच्या कपाळाला घाम आला. का आला ते पथकातल्या पोरांना माहीत होतं. वकिलांच्या विधवा वहिनीलाही हिनंच धुतलं होतं, आणि वाड्याच्या मागच्या दारानं आत घेतलं होतं. ही तिथं उभी होती, एका शब्दानं बोलली असती. बोलली नाही. ते तिनं त्या बाईसाठी गिळलं, वकिलासाठी नाही.

वकीलसाहेबांनी शेजारच्याच्या कानात काही सांगितलं. एक गडी पळत गेला आणि ताटात खण-नारळ घेऊन आला.

तिनं ताटाकडं बघितलं. "पोरांना बिल्ला आन् मला खण-नारळ? मी काय हळदीकुंकवाला आले व्हय?"

"बिल्ले अकराच पाडले आहेत, बाई."

"मग बारावा पाडा. मी थांबते."

आणि ती व्यासपीठाच्या पायरीवर बसली. भाषण झालं, हार झाले, बाकडी उचलायला लागले, ही बसून. पंधरा दिवसांत देतो, असं वकीलसाहेबांनी सगळ्यांसमक्ष कबूल केलं तेव्हा उठली. नारळ तिथंच होता.

अक्कलकोटचं स्थळ अर्थातच मोडलं. बापानं माझ्याशी बोलणं सोडलं. मी तिला म्हणालो, वाईट झालं. ती कांड्या भरत होती, चाक थांबवलं नाही.

"काय वाईट? ज्याला माझं हात चालत न्हाईत, त्याला माझ्या हातची भाकरी कशी चालली असती?"

महिन्याभरानं वकिलांचा शिपाई गल्लीत आला. कागदाच्या पुडीत बिल्ला. चांदीचाच होता, मी हातात घेऊन बघितला. तिनं पुडी परत बांधली आणि शिपायाच्या हातात दिली.

"जितं पोरांना दिला तितं द्या. नाव घेऊन द्या. असं गुपचूप घ्यायला मी काय उसनं मागितलं हुतं?"

"अगं, घे की," मी म्हणालो. "चांदी हाय."

"मामा, तुमी गप बसा. तुमाला लई गप बसवावं लागतंय."

शिपाई गेला तो गेलाच. मंडळाची दुसरी सभा झाली नाही.

पुढच्या वर्षी उंदीर परत पडले. मला वाटलं होतं, ही आता दार लावून बसेल. कुणी काही म्हटलं नसतं. पहिल्याच घरी गेली. मी वाटेत अडवलं, म्हणालो, या लोकांनी तुला काय दिलं? ती म्हणाली, "लोकांनी न्हाई दिलं. त्या मेलेल्या बाईचं काय चुकलं?"

त्याच फेरीत तिला काखेत गाठ आली. तीन दिवस होती. मग तिला आंघोळ घालायला आत बाया गेल्या, कोण गेल्या ते मी बघितलं नाही. मी ओट्यावर मान खाली घालून बसलो होतो. तिला अकरा पोरांनी नेलं. बाप शेवटी येऊन माझ्याशेजारी बसला.

आज माझी सत्तरी उलटली. ते वाचनालय अजून आहे. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी हॉल रंगवला आणि भिंतीवर लाकडी फलक लावला. त्या सालच्या स्वयंसेवकांचा. अकरा नावं, पांढऱ्या रंगात, खाली बोटभर जागा रिकामी.

मी अर्ज दिला. उत्तर आलं, दप्तरात तसं नाव आढळत नाही. आढळणार कसं, दप्तरात माझी रेघ आहे. म्हणून मी खडू घेऊन जातो आणि अकराव्याच्या खाली लिहितो, नरसम्मा. ते पुसतात. मी पुन्हा लिहितो.

तिथला ग्रंथपाल पन्नाशीचा, कातावलेला माणूस. "आजोबा, हा सरळ दांडगेपणा आहे."

"हाय," मी म्हणतो. "तक्रार करा. पोलीस आले तर त्यांनाही सगळं सांगतो, पहिल्यापासून."

त्यानं तक्रार केली नाही. पण पुसायचा मात्र नेमानं.

परवा गेलो तर टाचा उचलेनात, हात फलकापर्यंत पोचेना. मी त्याला म्हणालो, तुझं ते स्टूल दे. तो उठला, स्टूल आणलं आणि भिंतीला लावलं. मी चढलो. स्टूल एका पायानं डुगडुगत होतं.

"धर की," म्हटलं.

त्यानं धरलं.