सीट नसलेली मोटारसायकल

बहारीनहून परत येऊन मला इतकी वर्षं झाली, तरी त्या गाडीचे किस्से काही संपत नाहीत. ते तिच्या एअर फिल्टरमधल्या वाळूसारखे आहेत. कितीही झटका, थोडे उरतातच. घरात कोणी नुसतं ‘बाईक’ म्हटलं की मी सुरू होतो आणि बायको उठून स्वयंपाकघरात जाते. तिने सगळे ऐकलेत. तुम्ही ऐकलेले नाहीत, तेव्हा बसा.

काळ नव्वदच्या दशकातला. कुवेतची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. गुदैबियात दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात आम्ही तिघं. मी शिंदे, साताऱ्याचा. प्रभुणे पुण्याचा, कंपनीत अकाउंटंट. आणि गायकवाड, खेडजवळच्या बौद्धवाडीतले, फिटर. ते आमच्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून त्यांना अहोजाहो. हाताला असा गुण की इंग्रज साहेबसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पान्याला हात लावत नसत.

त्यातलेच एक साहेब कॉन्ट्रॅक्ट संपवून निघाले आणि जाताना आपली मोटारसायकल वर्कशॉपला देऊन गेले. गाडी माझ्या स्टोअरमध्ये आली. मी नियमाप्रमाणे सगळे भाग तपासले, तर सीट नाही! टाकीच्या मागे सरळ मडगार्ड. मी तीन प्रतींत शॉर्टेज रिपोर्ट केला: ‘सीट, नग एक, मिळालेली नाही.’

साहेब निरोप घ्यायला आले तेव्हा तो रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ हसले. मग पेन काढून खाली लिहिलं, ‘सीट नसतेच. उभं राहून चालवतात.’ वर सही केली. प्रभुणेने तो कागद फाइलला लावला.

पुढच्या वर्षी ऑडिटरने त्यावर लाल पेनने शेरा मारला: ‘उभे राहण्यास मंजुरी कोणाची?’

* * *

ती गाडी ट्रायल्सची होती. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे, वेगाला तिथे कोणी विचारत नाही. दगडधोंड्यांतून दोन्ही बाजूंना फिती लावून वाट आखायची, तिला सेक्शन म्हणतात. त्यातून गाडी काढायची, पाय न टेकता. पाय टेकला की एक पॉइंट, पडलात की पाच. ज्याचे पॉइंट कमी तो जिंकला. दर शुक्रवारी, ऊन चढायच्या आत, आम्ही गाडी पिकअपमध्ये टाकून सखीरच्या पुढे जबलकडे जायचो. जबल म्हणजे बहारीनमधला एकुलता एक डोंगर. साताऱ्याच्या माणसाने त्याला डोंगर म्हणायचं म्हणजे उपकारच आहेत, पण पायथ्याचे दगड चांगले होते.

गायकवाडांना आयुष्यात त्या वेळी एकच गोष्ट हवी होती. बायकोला, सुनंदावहिनींना, एकदा बहारीनला आणायचं. लग्नाला अठरा वर्षं झालेली, त्यातली अकरा ते गल्फमध्ये. दोन वर्षांनी एकदा दोन महिने रजा. “मी कुठं रातो, काय खातो, तिनं एकदा डोल्यांनी बघावं,” एवढंच म्हणायचे. पण फॅमिली व्हिसाला ठरावीक पगार लागायचा आणि फिटरचा पगार तिथवर पोचत नव्हता. दर वर्षी मी त्यांचा फॉर्म भरायचो आणि दर वर्षी तो परत यायचा.

फॉर्म परत आला की गायकवाड उठायचे. गाडीचा फिल्टर काढायचे. तो स्पंजचा असतो. आधी रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुवायचे, पिळायचे आणि आमच्या गॅलरीतल्या दोरीवर बनियनशेजारी वाळत घालायचे. वाळवंटात गाडी चालवायची तर आठवड्यातून एकदा फिल्टर धुवावाच लागतो. पण एका सुट्टीच्या दिवशी, फॉर्म आदल्या दिवशीच परत आलेला, तो फिल्टर तीनदा धुतला गेला.

संध्याकाळी प्रभुणे दोरीकडे बघत म्हणाला, “गायकवाड, त्यात आता वाळू राहिली नाही. थोड्या वेळाने स्पंजही राहणार नाही.”

“ऱ्हाऊ दे,” गायकवाड म्हणाले. “त्यो वालतोय तवर बसून ऱ्हायाला काम हाय.”

* * *

या गाडीच्या टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवतात. अंगठ्याने दाबलं तर दबला पाहिजे, तेव्हा कुठे तो दगडाला धरून चढतो. हे आम्हाला माहीत होतं. वाटेतल्या पेट्रोल पंपावरच्या मल्याळी माणसाला माहीत नव्हतं. माणूस फार सज्जन. आम्ही चहाला गेलो तेवढ्यात त्याने पिकअपमधल्या गाडीचा टायर दाबून बघितला, त्याला वाईट वाटलं, आणि त्याने दोन्ही टायर टणटणीत भरून ठेवले.

जबलला पोचल्यावर पहिला नंबर प्रभुणेचा. गाडी पहिल्याच दगडावरून उसळली. प्रभुणे दगडाच्या एका बाजूला आणि गाडी दुसऱ्या. आम्ही धावत गेलो तर तो आडवा पडल्या पडल्या शांतपणे म्हणाला, “पाच लिहा.”

मग आम्ही पाटी केली. हिंदीत मी लिहिलं, इंग्रजीत प्रभुणेने, आणि अरबीत आमच्या वर्कशॉपचा बहारीनी फोरमन हसन याने: ‘हवा भरू नये.’ पाटी पिकअपच्या मागच्या फळीला बांधली. पुढच्या शुक्रवारी पिकअपचाच एक टायर बसायला आला होता. पंपावर थांबलो, त्या माणसाला टायरकडे बोट दाखवलं आणि चहाला गेलो. परत येऊन निघालो. दहा मिनिटांत पिकअप रिमवर आली.

येताना त्याला विचारलं तर तो पाटीजवळ जाऊन उभा राहिला. “साब, लिखा है ना, हवा नहीं भरना. तीन भाषा में लिखा है.”

* * *

हसन आमच्यात आला तो त्या पाटीपासून. पोट सुटलेला, आवाजाने मोठा, आणि गाडी चालवायचा ती पायात सपाता घालून. किती सांगितलं तरी बूट घालत नसे. एकदा चढावर त्याची डावी सपाता निसटून दगडावर पडली. पाय मात्र हवेतच राहिला आणि त्याने सेक्शन पूर्ण केला.

पॉइंट मोजणारा ऑब्झर्व्हर प्रभुणे. तो म्हणाला, एक पॉइंट. हसन गाडीवरून उतरला आणि अनवाणी पाय वर करून दाखवत म्हणाला, “पाय मफी! सिर्फ चप्पल.” मफी म्हणजे नाही. प्रभुणेने नियमांचं पुस्तक काढलं. त्यात चपलेबद्दल काही नव्हतं. अर्धा तास वाद चालला, ऊन डोक्यावर आलं. शेवटी दोघांनी गायकवाडांकडे बघितलं.

गायकवाडांनी विचार करून निकाल दिला, “चपलेला एक पॉइंट. हसनभाईला शून्य.” आणि पुढची तीन वर्षं आमच्या वहीत त्या सपातेच्या नावावर एक वेगळी ओळ होती.

* * *

त्या काळी घरी कॅसेट पाठवायची पद्धत होती. रजेवर जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती द्यायची. एकदा गायकवाड दुपारच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन बसले. “सुनंदा, बरी हायस ना?” एवढं म्हणाले आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. सुचेपर्यंत हाताला काम म्हणून गाडी सुरू केली आणि कार्बोरेटर जुळवत बसले. टेप चालूच राहिला. तशीच कॅसेट त्यांनी चिपळूणच्या एका माणसाबरोबर रवाना केली.

गावी कॅसेट आली म्हणून अर्धी वाडी ओटीवर जमली. सगळ्यांनी एक अख्खी बाजू मोटारसायकल ऐकली. हे आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, वहिनींच्या पत्रातून. गायकवाडांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. ‘गाडीचा आवाज पोचला. सगळ्यांनी ऐकला. मधे तुम्ही दोनदा खोकलात. खोकला कोरडा आहे. धुरात बसताना तोंडाला फडकं बांधत जा.’ पत्राबरोबर आडुळसा आणि सुंठीची पूड होती, किलोभर तरी असेल.

“त्या आवाजात खोकला ऐकू येणं शक्य नाही,” प्रभुणे म्हणाला.

“तिला येतो,” गायकवाड म्हणाले.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मला घरची इतकी आठवण आली की मी सगळी भांडी एकट्याने घासली. पूड मात्र वाया गेली नाही. हसनला सिगरेटचा खोकला होता. त्याने एकदा चाखली आणि मग रोज दुपारी तो कप घेऊन गायकवाडांच्या टेबलाशी यायला लागला. पूड संपत आली की वहिनी नवी पाठवायच्या.

* * *

आता माझी चूक. या गाडीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागतं. साधं पेट्रोल घातलं तर इंजिन जॅम. मी स्टोअरमधल्या खिळ्यामोळ्याला लेबल लावणारा माणूस, पण घरच्या दोन कॅनना लेबल लावलं नाही. व्हायचं तेच झालं. भर वाळवंटात गाडीने आवाज केला आणि बंद पडली. पिस्टन गेला.

गायकवाड रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते रजेवर निघाले होते. म्हणाले, पिस्टन नमुन्याला घेऊन जातो, मुंबईत काहीतरी जुळणारं मिळेल. वहिनींसाठी घेतलेल्या नव्या साडीत त्यांनी तो गुंडाळून नेला. घरी बॅग वहिनींनी उघडली. साडी बाजूला राहिली. “दोन वर्षांनी आलात, आणि हे काय आणलंत?” असं म्हणून त्यांनी तो काळाकुट्ट पिस्टन मोरीत नेला आणि चिंच लावून तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर घासून ठेवला.

परतताना गायकवाड तो घेऊन मुंबईत स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने पिस्टन उजेडात धरला, फिरवून बघितला आणि परत दिला. “काका, हा कोरा आहे की. दुसरा कशाला घेता?”

* * *

पिस्टन मुंबईतलाच बसला, पण पुढच्या वर्षी व्हिसाचा फॉर्म पुन्हा परत आला. गायकवाड फिल्टर काढायला उठले, तेव्हा हसन कपातलं औषध संपवत म्हणाला, “यल्ला, चलो, पासपोर्टची कॉपी इधर दे.” त्याने स्वतःच्या नावावर महिन्याभराचा व्हिजिट व्हिसा मागितला. व्हिसा ऑफिसात खिडकीमागच्या साहेबाने विचारलं, या बाईंना तू कुठून ओळखतोस? हसन म्हणाला, “तीन वर्षं तिच्या हातचं औषध पितोय.” व्हिसा मिळाला.

वहिनी आल्या. प्रभुणे आणि मी महिनाभर झिंज भागात एका मित्राकडे राहायला गेलो. पहिल्या दिवशी वहिनींनी फ्लॅट बघितला, शेगडी बघितली, गॅलरी बघितली, आणि म्हणाल्या, “एवढ्या जागेत तिघं?” मग महिना कुठे गेला ते कोणालाच कळलं नाही. गायकवाड कामावरून धावत घरी जायचे. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

शेवटच्या शुक्रवारी आम्ही सगळे जबलला गेलो. वहिनींचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. गायकवाडांचं एक कसब त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. पुढचं चाक दगडाला लावून ते गाडी जागच्या जागी उभी ठेवायचे, दोन्ही पाय फूटरेस्टवर, बाहेरचा कसलाही आधार न घेता. मिनिटभर सहज. प्रभुणे घड्याळ लावायचा.

वहिनी पिकअपच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर धरून. गायकवाड फूटभर उंच दगडावर चढले आणि थांबले. मिनिट झालं. ते उतरले नाहीत. प्रभुणे हळू आवाजात आकडे म्हणत होता, सत्तर, ऐंशी, मग त्यानेही मोजणं सोडलं. गायकवाडांचे गुडघे थरथरायला लागले होते, हेल्मेटखालून घाम ओघळत होता. ते वहिनींकडे बघत नव्हते, समोरच्या दगडाकडे बघत होते. हसन सिगरेट पेटवायची विसरला.

वहिनी उठल्या. पर्स खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि फितीखालून वाकून सरळ सेक्शनमध्ये शिरल्या. तिथे कोणी जायचं नसतं. प्रभुणेने नियमांचं पुस्तक खिशातच राहू दिलं. चपलांनी दगड चाचपत त्या गाडीपर्यंत पोचल्या आणि दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं.

“टेका आता पाय,” त्या म्हणाल्या. “मी धरलीय.”

गायकवाडांनी दोन्ही पाय टेकले.