चिकट पॅडवरचे साडेबारा तास

काळाचौकीतल्या आमच्या चाळीत उंदरांसाठी चिकट पॅड लावावेत, हा ठराव मीच मांडला होता. पूर्वी पिंजरे असत. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर बादलीत बुडवायचं काम कोणाच्या तरी गळ्यात पडायचं, आणि वर्षानुवर्षं ते माझ्याच गळ्यात होतं. पॅडला ती कटकट नाही. चिकटला की उचलायचा, कचऱ्यात टाकायचा. चार मजले, मजल्याला चार, एकूण सोळा पॅड. एक आकडा तेवढा मी धरला नव्हता: मरायला किती वेळ लागतो.

तो एका मंगळवारी कळला. सकाळी पावणेसातला दूध आणायला निघालो, तर जिन्याजवळच्या पॅडवर लहानसा उंदीर चिकटलेला. मेला असेल असं धरून पुढे गेलो. संध्याकाळी सव्वासातला कामावरून परतलो, तेव्हा त्याचं पोट हलत होतं. धडपडीत एका पायाची कातडी सुटून पॅडला लागली होती. साडेबारा तास. आठ खोल्यांतली माणसं तेवढा वेळ शेजारून ये-जा करत होती, आणि त्यांत मीही होतो. खोबरेल ओतून सोडवायला बघितला, सुटला नाही. शेवटी काठीच्या एका फटक्यात संपवला.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी ठराव रद्द करा म्हटलं. आधी हशा पिकला.

"गणपतीचं वाहन म्हणून की काय?" सेक्रेटरी म्हणाले.

"वाहनबिहन काही नाही. त्याला दुखतं, एवढंच."

शेजारच्या खोलीतले मालवणी काका बसल्या जागेवरून ओरडले, "अरे, बुधवारी बांगडे हादडतंस, आणि उंदराची दया कसली येता तुका?"

"खातो, काका. या बुधवारीही खाणार. बांगडा खातो म्हणून उंदराला दिवसभर सोलत ठेवायची परवानगी मिळते का मला?"

"उंदरांमुळे पोरांना लेप्टोचा ताप आला तर, भावोजी?" वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं. हा प्रश्न खरा होता.

"मारू नका असं म्हणतच नाही, वहिनी. चाप लावा, खटकन मरतो. पोरांची बोटं अडकतील म्हणाल, तर आमच्या मजल्यावरचे चाप मी लावीन आणि पोरं उठायच्या आत मीच काढीन."

उंदराचा जीव माणसाच्या जिवाइतका मोलाचा, असं मी मानत नाही. शंभरावा भाग धरा, हजारावा धरा, मी वाद घालणार नाही. पण शून्य धरायचं असेल तर कारण दाखवा, असं मीटिंगमध्येही म्हटलं. कारण कोणीच दाखवलं नाही. हात मात्र वर झाले: पॅडच्या बाजूने एकोणीस, विरोधात एक. वर सेक्रेटरींनी जुन्या ठरावाखालची माझीच सही सगळ्यांना वाचून दाखवली.

सोमवारी सकाळी मी आमच्या मजल्यावरचे चारही पॅड काढले. बुधवारी दारावर नोटीस आली: ठरावाचा भंग, लेखी खुलासा द्यावा. तिच्याच पाठीवर लिहिलं, "पॅडचा ठराव माझा होता आणि तो चुकीचा होता. पुन्हा लावलेत तर पुन्हा काढीन." खाली तारीख, सही. कागद सेक्रेटरींच्या हातात दिला, घरी आलो आणि बांगडे खायला बसलो.